जोडाशेजारची रेघ

ट्रॉलीचा हूक तुटला तेव्हा ट्रॉलीत बायका नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा आवाज चढला की लोक विचारतात, "कोण मेलं?" कोणी मेलं नाही. आपल्याकडं रागवायला आधी कोणीतरी मरावं लागतं. माझा पहिला राग तोच आहे.

रोवणीचे दिवस होते. आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं. सकाळी बायका चौकात जमायच्या, ट्रॅक्टर यायचा, आणि सगळ्या जणी मागच्या ट्रॉलीत बसून शेजारच्या गावांत धान रोवायला जायच्या. त्या सकाळी ट्रॅक्टर आला, पण मागं ट्रॉलीच नव्हती, आणि ट्रॅक्टरवाल्या भाऊला त्याचा पत्ता नव्हता. गावाबाहेरच्या मोरीवर खड्ड्यात दणका बसला, हूक तुटला, ट्रॉली तिथंच नाक टेकून राहिली आणि हा मोबाइलवर गाणी ऐकत चौकापर्यंत आला.

"बसा वो, लवकर बसा. उशीर होऊन राहिला," तो म्हणाला.

"कायच्यात बसू बाप्पा?" एक मावशी म्हणाली. "तुह्या मांडीवर?"

त्यानं मागं वळून पाहिलं आणि बायका पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याच्या टोकाला जाड लोखंडी कडी असते. ती ट्रॅक्टरच्या मागच्या पिनेत अडकते. आमच्याकडं तिलाच हूक म्हणतात. ट्रॉली, ट्रॉलीतल्या बायका, त्यांचे डबे, पाण्याच्या कॅन, सगळं त्या एका कडीच्या भरवशावर चालतं. आणि टोळी त्या दिवशी ज्या गावाला जाणार होती त्या रस्त्यावर मोठ्या तलावाची पाळ लागते. चढ उभा, एका बाजूला तलावाचं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. मोरीवर तुटलेला हूक त्या चढावर तुटला असता तर भरलेली ट्रॉली उलटी मागं घरंगळली असती. माझी माय या टोळीची म्होरकी आहे. ती ट्रॉलीत नेहमी पुढच्या फळीला पाठ लावून बसते. बरोबर हुकाच्या वर.

मी तेव्हा शेतमजूर बायकांच्या एका संघटनेत काम करत होते, अजूनही करते. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. त्या आठवड्यात माझ्या पिशवीत जी पत्रकं होती त्यांचा विषय हाच होता, की ट्रॉली सामान वाहायला असते, माणसं वाहायला नाही. ती मी सकाळी चौकात वाटत होते आणि वाटून झालं की बायका त्याच ट्रॉलीत चढत होत्या. पत्रकाची घडी करून त्यावर तंबाखू मळत होत्या. त्यात त्यांची चूक नाही. दुसरी गाडी मी आणून उभी केली नव्हती.

ट्रॉली ओढत ओढत बसथांब्याजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात आणली. दुकान काकांचं. सख्खे काका नव्हेत, पण गावात सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्या घरात आधी विळे, पावश्या, कुऱ्हाडी घडायच्या. मागच्या बाजूला भाता अजून आहे. काकांचा हात असा की जोडावर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक सारख्या लाटा उमटतात. माझा जोड म्हणजे वाळलेल्या शेणाचा पो. हे मला माहीत आहे आणि काकांनी ते गावभर सांगितलं आहे, कारण मी आयटीआयत वेल्डरचा कोर्स केलेला आहे.

कुठल्या आयटीआयत ते सांगत नाही. तिथं रॉड भाजायचा ओव्हन होता. वेल्डिंगच्या रॉडवर मातकट लेप असतो, तो हवेतलं पाणी पितो. म्हणून भारी रॉड वापरण्याआधी भट्टीत चांगले तापवून कोरडे करायचे असतात. त्यासाठी तो ओव्हन. त्यात दुपारचे डबे गरम व्हायचे. वरण, भात, वांग्याची भाजी. झाकणाखालून वाफ निघायची आणि शेजारच्या कप्प्यात ठेवलेले रॉड ती वाफ निवांत पीत बसायचे. परीक्षेत मात्र प्रश्न यायचा, रॉड का भाजावे. आम्ही पाठ केलेलं उत्तर लिहायचो आणि जेवायला डबे काढायला जायचो. माझी पत्रकं जी कडू असतात ना, तो कडूपणा मी त्या ओव्हनपुढं उभी राहून शिकले.

पण ते उत्तर मला आवडलं होतं, म्हणून लक्षात राहिलं. माझ्या भाषेत सांगते.

हायड्रोजनचा अणू सगळ्यात लहान. त्याहून लहान अणू नाही. रॉड पेटला की लेपातल्या पाण्याचे त्या उष्णतेत तुकडे होतात आणि हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो. वितळलेलं लोखंड त्याला भरपूर जागा देतं. थंड होऊ लागलं की जागा काढून घेतं. मग तो बाहेर निघायला बघतो. आपल्याला लोखंड भरीव दिसतं, त्याच्या दृष्टीनं ते आमच्या धुऱ्यासारखं आहे. धुरा म्हणजे धानाच्या बांधीचा बांध. वरून घट्ट, पण पाणी त्यातून झिरपत असतंच. तसा हा लोखंडाच्या अणूंमधल्या जागेतून सरकत जातो. काही हायड्रोजन बाहेर हवेत सुटतो. काही आत, जोडाच्या शेजारच्या पट्ट्यात जातो. हा पट्टा वितळलेला नसतो, पण तापून पटकन थंड झाला की कडक आणि ठिसूळ होतो. शिवाय थंड होताना जोड आकसतो आणि त्या पट्ट्याला ओढून धरतो. जिथं ओढ जास्त तिथं हायड्रोजन जमा होतो, जसं बांधीतलं पाणी खेकड्याचं बीळ हुडकत जातं. तो जमतो तिथं लोखंडाची आपसातली पकड सैल होते. आणि मग सगळे घरी गेल्यावर, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो.

मला त्यातला उशीर भयंकर वाटला होता. पाहणारा पाहून जातो, पास करतो, खोटं बोलत नाही. तडा नंतर येतो.

तर काकांच्या दुकानात. तुटलेली कडी त्यांनी कापून काढली आणि म्हणाले, "हे लोखंडच नरम होतं. याले ट्रकच्या एक्सलचा तुकडा लावून देतो. पुन्हा नाई तुटणार." एक्सलचं लोखंड मजबूत असतं, खरं आहे. पण जे लोखंड जास्त मजबूत तेच वेल्डिंगनंतर जास्त कडक आणि ठिसूळ होतं. त्याला आधी तापवावं लागतं आणि नंतर हळूहळू थंड होऊ द्यावं लागतं. काकांनी भंगारातून तुकडा काढला, भात्याच्या निखाऱ्यात तापवून वाकवला, कडीचा आकार दिला. हे काम इतकं देखणं होतं की मी बघतच राहिले. मग ती कडी निववली, घासली आणि फळीवरून रॉडचं पाकीट काढलं. पाकीट कधीचं फोडलेलं, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. रॉड चांगल्या जातीचे, भारी. पण लेपावर पांढुरके डाग आले होते.

"काका, रॉड ओले आहेत," मी म्हटलं.

"पाणी टपकून राहिलं का त्यातून?"

"दिसत नाही, पण आहेत. भाजून घ्या. आणि कडी आधी तापवा."

"आत्ताच तं तापवली होती."

"ती वाकवायला. जोडायच्या वेळेस गरम पाहिजे."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, तो एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "तू एक काम कर. तू पत्रक लिही. मी जोड लावतो."

त्यांनी जोड लावला. खवले उमटले. आणि जोड अजून लालसर असतानाच, मी पुढं व्हायच्या आत, त्यांनी बाजूच्या टाकीतलं पाणी डब्यानं काढलं आणि वर ओतलं. चर्रर्र झालं. वाफ निघाली. बघणाऱ्यांपैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडं लोखंडाला पाणी द्यायचंच असतं. विळा घडवला की त्याला पाणी देतात, म्हणून धार टिकते. चांगल्या विळ्याला लोक पाणीदार म्हणतात, चांगल्या माणसालाही म्हणतात. काकांच्या आज्यानं पाणी दिलं, बापानं दिलं. ज्या हातानं विळ्याला पाणी दिलं त्याच हातानं त्यांनी हुकाला दिलं. पण विळ्याला ताठपणा लागतो आणि हुकाला सोसणं लागतं. पाण्यानं हूक ताठ झाला. शिवाय हायड्रोजनला निघून जायला जो वेळ मिळाला असता तो गेला. दार लावून घेतल्यासारखं झालं.

मी हे तिथंच बोलले. जरा मोठ्यानंच बोलले, कारण मला हळू बोलता येत नाही. "हा हूक आता चांगला दिसेल. आजचा दिवस याला हात लावू नका. उद्या सकाळी पाहू तडा गेला का."

"म्हणजे आज चांगला आहे?" ट्रॅक्टरवाल्या भाऊनं विचारलं.

"आज चांगला दिसते."

"अन् उद्या बिगडीन?"

"बिघडू शकते."

"काहून? रात्री भूत येईन का त्याच्यात?"

बायका हसल्या. मी हायड्रोजन म्हटलं तर आणखी हसल्या. मावशीनं विचारलं, "तो गॅस दिसते का वो बाई? वास गिस येते?" मी नाही म्हटलं. "मंग तुले कसा मालूम पडला?"

याला उत्तर आहे. पण ट्रॅक्टर सुरू, बायका उभ्या, दिवस चढत चाललेला, अशा वेळी ते उत्तर देता येत नाही. भाऊनं तोपर्यंत रस्त्याकडेचे दगड ट्रॉलीत भरायला लावले. चांगली गच्च भरली. हूक अडकवला आणि ट्रॉली बसथांब्यापर्यंत ओढून नेली, वळवून परत आणली. मुद्दाम खड्ड्यातून आणली. हूक जसाच्या तसा.

"पाह्य," तो म्हणाला. "काय झालं?"

काही झालं नव्हतं. ही परीक्षा त्या वेळी पास होणारच होती, हे मी त्याला कसं पटवणार? मायनं मग एक दगड घेतला आणि हुकावर ठोकला. मडकं घेताना बायका ठोकून बघतात तसा. खणखणीत वाजला. सगळ्यांनी मान हलवली. मडकं फुटकं असलं तर तसं सांगतं. लोखंड सांगत नाही.

मी मायला बाजूला घेतलं. तिची अडचण मला ठाऊक होती. आदल्या संध्याकाळी टोळीनं त्या गावच्या शेतात परहा उपटून ठेवला होता. परहा म्हणजे धानाची रोपं. एकदा उपटली की पेंढ्या बांधून पाण्यात उभ्या करतात, पण फार वेळ ठेवता येत नाहीत. बांधीचा चिखल तयार होता. मायनं शब्द दिला होता की आज रोवून देतो. सगळ्या पंचक्रोशीत तिच्या टोळीला बोलावतात ते या शब्दासाठी. एक शेत हुकलं की पुढची सगळी मागं पडतात, मग लोक दुसरी टोळी शोधतात.

"माय, तू या ट्रॉलीत बसू नको," मी म्हटलं.

"मी नाई बसली तं बाकीच्या बसतीनच."

"त्याही नको."

"मंग तसं सांग ना. तू मले उतरवून राहिली. मी त्याईले काय सांगू? माह्या पोरीनं मले खाली काढलं, तुमी बसा?"

पत्रकात मी "आमच्या भगिनी" लिहिते. आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते फक्त माझ्या मायसाठी होतं.

माय थोडा वेळ ट्रॉलीतल्या दगडांकडं पाहत राहिली. मग पदर खोचला आणि बायकांना म्हणाली, "चला. लाल डब्बानं जाऊ."

लाल डब्बा म्हणजे एसटी. ती येणार होती दुपारी, आणि तीही फाट्यापर्यंतच. तिथून धुऱ्याधुऱ्यानं पायी. बायकांनी जो कल्ला केला तो मी इथं लिहीत नाही. मला नाही, मायला बोलल्या. "तुह्या पोरीच्या ज्ञानापायी आमचे पाय तुटतीन." "उद्या म्हणन, जेवणात बी गॅस आहे." भाऊ ट्रॅक्टरवरून म्हणाला, "पाहून घ्या बाप्पा, मी नाई म्हटलं नव्हतं. ट्रॉली तयार आहे." माय म्हणाली, "तयार आहे तं राहू दे तयार."

मीही त्यांच्याबरोबर गेले. बसमध्ये कोणी माझ्याशेजारी बसलं नाही. फाट्यावर उतरल्यावर तलावाच्या पाळीचा चढ पायी चढलो. पाळीवर वारा होता. मावशी माझ्यापुढं चालत होती, ती मधेच थांबली, खाली दोन्ही बाजूंना पाहिलं आणि पुढं गेली. अंधार पडेस्तोवर रोवलं. शेवटच्या ओळी हातानं चाचपत लावल्या. शेतमालक कुरकुरला, पण शेत पूर्ण झालं. परहा मेला नाही. परत येताना शेतमालकानंच कोणाचा तरी टेम्पो मिळवून दिला, आणि तोही हुकावाचून चालणारा, असं मावशी म्हणाली. तेवढ्यावरून मला कळलं की राग उतरत आला आहे.

घरी माय गरम पाण्यात पाय घालून बसली. चिखलानं बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या. मी विचारलं, "तुला माझं पटलं होतं का?"

"तुहा हायड्रोजन मले नाई समजला."

"मग?"

"त्या भाऊनं दगड भरून पाह्यले," माय म्हणाली. "बाया बसून असत्या अन् त्यानं तशीच ट्रॉली हाकली असती, तं मी बसली असती. पण त्यानं आधी दगड भरले. म्हणजे त्याले बी भ्या होतं. अन् ज्याले भ्या आहे तो म्हणते बसा."

मी हे वाक्य तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. माझ्या एकाही पत्रकात असं वाक्य नाही.

दुसऱ्या सकाळी मी काकांच्या दुकानात गेले. माय आली, मावशी आली, भाऊ तर तिथंच होता, कारण त्याला मला खोटं पाडायचं होतं. तडा बारीक असेल तर डोळ्यांना दिसत नाही. त्याला घासलेट लावायचं, पुसून कोरडं करायचं आणि वर खडूची पूड लावायची. तडा असला तर आत शिरलेलं घासलेट खडूवर रेघ होऊन उमटतं. घासलेट आता मिळत नाही. भाऊनं ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल दिलं. "घे, माह्याच डिझेलनं माह्या हुकाची तपासणी कर." शाळेतून खडू आणला, कुटला, पाण्यात कालवला.

डिझेल लावलं. थांबलो. पुसलं. खडूचा हात दिला आणि तो वाळेपर्यंत सगळे वाकून बसलो. तेवढ्या वेळात मला काय वाटत होतं ते प्रामाणिकपणे सांगते. तडा असावा असं वाटत होतं. मायच्या बुडाखालच्या लोखंडात तडा असावा, म्हणजे मी खरी ठरेन. असा विचार मनात येतो. मोर्चात चालणाऱ्या माणसाच्या मनात तर फार येतो.

पांढऱ्यावर एक रेघ उमटली. केसासारखी. जोडावर नाही. जोडाच्या काठाला लागून, एक्सलच्या लोखंडात, कडीला अर्धा वेढा घालून.

काकांनी अंगठ्यानं खडू पुसला, पुन्हा डिझेल लावलं, पुन्हा पुसलं, पुन्हा खडू लावला. रेघ तिथंच आली.

"माह्या जोडाले तं काई नाई झालं," काका म्हणाले.

"हो काका. तुमचा जोड धड आहे."

"मंग हे तडकलं काहून?"

त्यांनी पहिल्यांदा विचारण्यासाठी विचारलं होतं, म्हणून मीही पहिल्यांदा भाषण न देता सांगितलं. ओले रॉड, कडक लोखंड, वर पाणी. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याले विळा करून टाकला." याहून सोपं मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

भाऊ रेघेवर नख फिरवत होता. नखाला काही लागत नव्हतं. "एवढ्यानं तुटते का?" त्यानं विचारलं.

मायनं मात्र काकांना वेगळंच विचारलं. "भाऊजी, या वर्षी आणखी कोणाकोणाच्या हुकाले पाणी पाजलं तुमी?"

काका खाली बसले. त्यांना प्रत्येक हूक आठवत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चांगल्या कारागिराची हीच शिक्षा, तो आपलं काम विसरत नाही. ज्या हुकांना एक्सलचं लोखंड लावलं तेच जास्त धोक्याचे, आणि एक्सल त्यांनी मायेनं लावलं होतं, भरवशाच्या गिऱ्हाइकांना. ते उठले, उरलेले खडू खिशात घातले, डिझेलची बाटली घेतली आणि गाडीला किक मारली. पुढचे काही दिवस ते गावोगाव फिरले. काही जणांनी हूक दाखवले. काही जण म्हणाले, एवढे दिवस चालला, आता काय होते. एकानं तर अंगणातही येऊ दिलं नाही. धंदा वाढवायला आला म्हणाला. दोन-चार ठिकाणी रेघा निघाल्या. बाकीच्यांत निघाल्या नाहीत. आणि न निघालेल्या रेघेचा अर्थ नेमका काय, हे मीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तडा आतल्या आत असेल तर खडूला कळत नाही.

भाऊचा हूक मात्र तेव्हाच नव्यानं केला. तडकलेला भाग कापून टाकला. लाखांदूरहून रॉडचं सीलबंद पाकीट आणलं. रॉड कसे भाजायचे ते पाकिटावर लिहिलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. देशभर ज्या हातांत ही पाकिटं जातात त्यातल्या किती हातांना ती मुंगी वाचता येते, हे छापणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. आम्ही रॉड लोखंडी नळकांड्यात घालून भात्याच्या निखाऱ्यावर भाजले. कडी तापवली, थुंकीचा थेंब टाकला की नाचत उडून जाईल इतकी. ती गरम असतानाच काकांनी जोड लावला. हात सवयीनं पाण्याच्या डब्याकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग राइस मिलमधून आणलेली धानाच्या तुसाची राख, कोरडी, पोतंभर, तिच्यात हूक पुरला. तुसाची राख ऊब धरून ठेवते. हूक सावकाश निवतो आणि हायड्रोजनला निघून जायला वाट आणि वेळ दोन्ही मिळतात.

मावशी ते पाहून म्हणाली, "बाळंतिणीसारखं काय शेकून राहिले वो त्याले?"

माय म्हणाली, "शेकू दे. तिले बी लवकर उठवलं तं कंबर जाते."

आणि सगळ्या हसल्या. या वेळी मीही.

संघटनेत मी यावर पत्रक लिहून नेलं. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते चांगले आहेत, आयुष्य घातलं आहे त्यांनी. त्यांनी वाचलं आणि हायड्रोजन शब्दावर काट मारली. "पत्रकात शत्रू कोण ते पहिल्या ओळीत यावं," ते म्हणाले. "हा वायू आहे. याच्याविरुद्ध घोषणा काय देणार?" मी भांडले. पण घरी येताना बसमध्ये मला त्यांचं बोलणं चावत राहिलं, कारण शत्रू कोण हे मला खरंच लिहिता येत नव्हतं. काका नव्हेत. भाऊ? तो दगड भरून पाहण्याइतका तरी घाबरला होता. मुंगीच्या अक्षरातलं छापणारा, ओव्हनमध्ये डबे ठेवणारा, बायकांना बसायला ट्रॉलीशिवाय काही न ठेवणारा, हे सगळे आहेत, आणि त्यांच्यावर मी लिहीन, नावं घेऊन लिहीन. पण त्या सकाळी चौकात यातला एकही हजर नव्हता. हजर होती ती घाई, आणि ती आमची सगळ्यांची होती. परहा उपटलेला होता.

मी ट्रॉलीविरुद्धचं पत्रक मागं घेतलेलं नाही. बायकांना धड गाडी मिळाली पाहिजे, हे मी आजही तेवढ्याच आवाजात म्हणते. पण गाडी येईपर्यंत माझी माय ट्रॉलीतच जाणार आहे.

राखेतून काढलेला हूक दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत तपासला. डिझेल, पुसणं, खडू. पांढरं वाळलं आणि पांढरंच राहिलं. भाऊ म्हणाला, "काईच नाई दिसत." काका म्हणाले, "काईच नाई दिसाले पाह्यजे." आम्ही तरी बराच वेळ त्या कोऱ्या पांढऱ्याकडं पाहत राहिलो. काही न घडणं इतका वेळ कोणी पाहत नाही.

त्यानंतर भाऊनं ट्रॉली चौकात आणली. दगड भरले नाहीत. स्वतःच्या बायकोला डबा घेऊन सगळ्यांत आधी बसवलं, ती त्या दिवशी पहिल्यांदाच टोळीत आली होती. मायनं ते पाहिलं. ती चढली, आणि पुढच्या फळीला पाठ लावून बसली. मी तिच्या शेजारी बसले.

आता आमच्या गावात, आणि आसपासच्या काही गावांतही, बायका ट्रॉलीत पाय ठेवण्याआधी एक प्रश्न विचारतात. हूक नवा जोडलेला दिसला की विचारतात, "शेकला का?" ट्रॅक्टरवाले वैतागतात. एकानं मला सुनावलं की तू बायांना नसती खोड लावली. हायड्रोजन त्यातल्या कोणालाच माहीत नाही, आणि तो शब्द माझ्या पत्रकातूनही गेला. पण गेल्या रोवणीत मी एका गावाहून येत होते, तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. एक म्हातारी चढायला निघालेल्या पोरींना हातानं अडवून ट्रॅक्टरवाल्याला विचारत होती. तो म्हणाला, कालच जोडला. ती म्हणाली, "जोडला तं जोडला. शेकला का ते सांग."